जुन्या मोटारसायकलची पेट्रोल-गळती : एका तुटीचा शोध

वखारीच्या फरशीवर दाणे सांडलेले दिसले, म्हणजे अनुभवी व्यापारी खालचे पोते उसवीत बसत नाही. तो थप्पीच्या वरपर्यंत नजर नेतो. कारण उंदराने भोक पाडलेले असते चौथ्या थरात, आणि दाणे मात्र घरंगळत जमिनीशी येऊन पडतात. ही साधी गोष्ट आयुष्यभर ठाऊक असूनही माझ्याच मोटारसायकलच्या बाबतीत मी ती विसरलो, आणि एका निरपराध माणसाचे मन दुखावले. तो अनुभव सभासद बंधूंच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे सादर करीत आहे.

मद्रास येथे १९५५ साली एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि बुलेट गाडी आपल्या देशात रुळली. तशीच एक ३५० ची जुनी बुलेट गेली तीस वर्षे माझ्यापाशी आहे. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या हंगामात जैनथ, बेला या बाजूच्या काळ्या मातीतून तिनेच मला फिरविले. रात्री ती वखारीत, घडी घातलेल्या गोणपाटावर उभी असते.

गेल्या हंगामात मला असे आढळले की, सायंकाळी टाकीत असलेले पेट्रोल सकाळी कमी भरते. जमिनीवर थेंब दिसेना. वखारीत रात्री आमचा जुना हमाल निजतो. माझा संशय त्याच्यावर गेला, व मी मुनीमजींच्या आणि इतर चौघांच्या देखत त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "शेठजी, पेट्रोल घेऊन मी काय करू? पण रात्री वास फार येतो, डोके धरते." त्याच्या उशाशी डासांची उदबत्ती जळत असते, हे त्या क्षणी मला आठवले आणि अंगावर काटा उभा राहिला.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर निघून न जाता थप्प्यांच्या मधील सखल जागेत साचते. उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ देते. मग आमच्या गावच्या उष्ण्याची कथा काय! म्हणून गळतीचा वास येताच प्रथम दारे उघडावीत, विजेचे बटन दाबू नये, गाडी सुरू न करता ढकलत उघड्यावर न्यावी, आणि इंजिन थंड झाल्यावरच शोधास आरंभ करावा.

आता शोधाची रीत. गाडी कोरडी पुसावी, खाली स्वच्छ कागद पसरावा आणि टाकीखालचा कॉक बंद करून तासभर थांबावे. कागद ओला झाला, तर दोष टाकीच्या जोडात अथवा कॉकच्या रबरात आहे. आमचा कागद कोरडा राहिला. नंतर इंजिन बंदच ठेवून कॉक उघडला. थोड्याच वेळात थेंब पडू लागले ते इंजिनच्या तळाकडून! परंतु येथेच थप्पीचा न्याय लावावयाचा. पोत्यांवर खुणा करण्याचा खडू कुटून त्याची पूड नळीवर, जोडांवर व कार्ब्युरेटरवर शिंपडली. पेट्रोल जेथून निघते तेथपासून पूड भिजत जाते. भिजलेल्या रेषेचे सर्वांत वरचे टोक तेच गळतीचे उगमस्थान. ती रेषा आम्हांस कार्ब्युरेटरच्या जादा पेट्रोल सोडणाऱ्या नळीपाशी घेऊन गेली.

या नळीतून पेट्रोल येते याचा अर्थ वाटीतील पातळी प्रमाणाबाहेर चढते आहे. वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. मिस्त्रीने वाटी उघडली. फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरल्याचा आवाज नव्हता. सुईच्या टोकावर मात्र झिजेची गोल खाच आणि बैठकीत गंजाचा बारीक कण सापडला. चिरंजीव रात्री कॉक बंद करण्यास विसरत, गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असे. त्यामुळे पेट्रोल रात्रभर झिरपे, गोणपाट ते शोषून घेई आणि सकाळपर्यंत बरेचसे उडून जाई.

गंज टाकीतून आला होता. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांतील रबर त्यासाठी बनविलेले नाही. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाने नळ्या व रबरी भाग वेळोवेळी तपासावेत, टाकी आतून पाहावी, नळीत गाळणी बसवावी. इंजिनच्या तेलास पेट्रोलचा वास येत असल्यास तेही बदलावे. टाकीस भोक पडले तर ती पूर्णपणे वायुरहित केल्यावाचून कोणासही झाळू देऊ नये.

नवी सुई आणि गाळणी बसविली, टाकी धुतली. गाडी आता वखारीबाहेरील छपरात असते. ज्या चौघांदेखत मी आरोप केला, त्यांच्याच देखत हमालाची क्षमा मागितली. तो केवळ हसला. परंतु पुढील आठ दिवस मजकडे पाहताना त्याची नजर खाली असे, ते शल्य अद्याप गेलेले नाही.

बंधूहो, वहीत तूट आली की आपण सर्व नोंदी पुन्हा जुळवितो, मगच कोणास जबाब विचारतो. यंत्राच्या तुटीसही तोच नियम लावावा. थेंब कोठे पडतो यावरून तो कोठून निघाला हे ठरत नाही. आणि माणसावर बोट ठेवण्यापूर्वी एक कोरा कागद व चिमूटभर खडू खर्च करणे केव्हाही स्वस्त पडते.