गायरान किती दिवस पुरेल?

पावसाळा सरत आला की गावाबाहेरच्या गायरानात गुडघाभर गवत डोलू लागते. पाहणाऱ्याला वाटते, यंदा चाऱ्याची ददात नाही. तेच गायरान संक्रांतीच्या सुमारास पाहावे, तर जागोजागी मुरूम उघडा पडलेला असतो. एवढे गवत गेले कोठे?

ते कोणी चोरून नेलेले नसते. आपला अंदाजच चुकलेला असतो, आणि ही चूक महागात पडते. चारा कमी पडणार हे कार्तिकात कळले तर कडबा वेळीच घेऊन ठेवता येतो. चैत्रात कळले तर कडब्याचे भाव चढलेले असतात आणि दावणीची गाय मिळेल त्या किमतीला बाजारात न्यावी लागते. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अवर्षण आपल्या हातात नाही, पण गवताचा हिशेब मात्र शाळेतला मुलगाही करू शकतो. त्याला विळा, तराजू, मोजपट्टी आणि चार काठ्या एवढे साहित्य पुरते.

आधी गाईची गरज पाहू. साधारण नियम असा की गाय दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के चारा खाते. दुभती गाय याहून जास्त खाते, भाकड कमी. पण हा अडीच टक्क्यांचा आकडा कोरड्या चाऱ्याचा आहे, हे पक्के लक्षात ठेवा. गवतातले पाणी काढून टाकल्यावर जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. श्रावणातल्या कोवळ्या गवतात शंभर भागांत पंचाहत्तर-ऐंशी भाग पाणीच असते. त्यामुळे साडेसात किलो शुष्क पदार्थ मिळवायला गाईला तीस ते सदतीस किलो हिरवे गवत खावे लागते. निरनिराळ्या चाऱ्यांची तुलना करायची तर पाणी वगळूनच करावी लागते.

गाईचे वजन कसे काढायचे? गाय उचलून काट्यावर ठेवायची गरज नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा, म्हणजे किलोग्रॅममध्ये वजन मिळते. घेर १५५ आणि लांबी १३५ असेल तर उत्तर सुमारे ३०० किलो येईल. हा अंदाज आहे, काट्याइतका नेमका नाही, पण आपल्या कामाला पुरतो. ३०० किलोंच्या अडीच टक्के म्हणजे साडेसात किलो. गावात अशा ६० गाई असतील तर रोज ४५० किलो शुष्क चारा लागेल.

आता गायरानाकडे वळू. चार काठ्या बांधून आतून बरोबर एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट तयार करा. गायरानात एका टोकाकडून चालायला लागा आणि दर पन्नास पावलांवर पायापुढे चौकट टाका. इथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. हात आपसूक दाट गवताकडे वळतो. तसे होऊ देऊ नका. चौकट खडकावर पडली तर वहीत शून्य लिहा, कारण तो खडकही गायरानाचाच भाग आहे. चौकटीतले गवत जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा. मारवेल, शेडा, डोंगरी ही गवते घ्या. टाकळा, घाणेरी, रानतुळस वगळा, कारण गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. कुसळीची कुसळे पिकून टोचू लागली असतील तर तीही बाजूला काढलेली बरी.

समजा, दहा चौकटींतले गवत ग्रॅममध्ये असे भरले: ६२०, ०, ४१०, ३८०, ७००, १५०, ५४०, ९०, ६६०, ४५०. बेरीज ४,०००, म्हणजे सरासरी ४०० ग्रॅम. एका चौरस मीटरमधले ग्रॅम दहाने गुणले की हेक्टरी किलोग्रॅम मिळतात, तेव्हा हेक्टरी ४,००० किलो झाले. गायरान ४० हेक्टरांचे असेल तर एकूण १,६०,००० किलो. त्याला ४५० ने भागले की ३५५ दिवस! म्हणजे जवळजवळ वर्षभराची सोय झाली.

बहुतेकांची गफलत इथेच होते. कापलेले चार किलो गवत उन्हात पसरा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत रोज तोला. कार्तिकातले गवत असेल तर चार किलोंचे सुमारे १ किलो ६०० ग्रॅम उरेल. म्हणजे हेक्टरी १,६०० किलो आणि ४० हेक्टरांत ६४,०००. दिवस झाले १४२.

अजून थांबायचे नाही. उभे असलेले सगळे गवत चारून टाकायचे नसते. अमेरिकेतील फ्रँक्लिन क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताचे शेंडे कमी-जास्त कापून मुळांची वाढ पाहिली. निम्मा भाग कापला तर मुळांवर फारसा परिणाम होत नव्हता, पण ऐंशी टक्के कापला की मुळांची वाढ पार थांबत होती. पाने हेच गवताचे स्वयंपाकघर. ते बंद पडले की मुळे उपाशी राहतात. तुम्ही विचाराल, दिवाळीनंतर गवत वाळतेच, मग राखायचे कशाला? एक तर बुडाशी पुढच्या वर्षीचे कोंब असतात. दुसरे म्हणजे मृगाच्या पहिल्या सरी उघड्या जमिनीवर आदळल्या की माती वाहून जाते. तिथे गवताची खुंटे आणि पाचोळा असेल तर पाणी मुरते. म्हणून निम्मे गवत राखायचे. दिवस राहिले ७१.

उरलेल्या निम्म्यातलेही सगळे पोटात जात नाही. काही खुरांखाली तुडवले जाते, काहीवर शेण पडते, काही वाळवी आणि नाकतोडे खातात. सावधपणे हिशेब करणारा त्यातले निम्मेच धरतो. म्हणजे आपल्या १,६०,००० किलोंपैकी गाईंच्या वाट्याला खरे तर १६,००० किलो आले. भागा ४५० ने: पस्तीस दिवस.

दिवाळीपासून पावसापर्यंत सुमारे २२० दिवस काढायचे असतात. उरलेल्या १८५ दिवसांना ८३ टनांहून अधिक वाळला चारा बाहेरून हवा. ज्वारीचा कडबा शेकड्यावर विकला जातो, पण पेंढीचे वजन गावोगाव वेगळे असते. तेव्हा आपल्याकडच्या दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा, म्हणजे किती शेकडे लागतील ते सांगता येईल.

याच गायरानात २०० मेंढ्याही आल्या तर? दख्खनी मेंढीचे वजन २८ किलोंच्या आसपास धरू. लहान जनावर वजनाच्या मानाने जास्त खाते, म्हणून तिला तीन टक्के धरू, म्हणजे दिवसाला सुमारे ८०० ग्रॅम. दोनशेंचे १६० किलो झाले आणि गायरान २६ दिवसांवर आले. पठारावरचे कित्येक धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणाकडे का उतरतात, ते या भागाकारात दिसते. गवत मेंढरांपर्यंत आणता येत नाही, तेव्हा मेंढरे गवताकडे न्यायची. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. शेळ्यांना मात्र हा हिशेब तसाच लावू नका. त्यांचा ओढा झुडपांच्या पाल्याकडे अधिक, आणि पाला चौकटीत मावत नाही.

एक गोष्ट मात्र या मोजणीतून निसटते. कार्तिकात आपण जे गवत तोलले, ते पावसाळाभर गुरांनी खाऊन उरलेले होते. मग मुळात उगवले किती? त्यासाठी जूनमध्येच गायरानाच्या एका कोपऱ्यात, ग्रामपंचायतीला विचारून, दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद जागेला बाभळीच्या फांद्यांचे घट्ट कुंपण घाला. शेजारची तशीच जागा मोकळी सोडा. कार्तिकात दोन्हींच्या मधोमध चौकट ठेवून गवत कापा, वाळवा आणि तोला. आत २५० ग्रॅम आणि बाहेर १६० ग्रॅम भरले, तर मधले ९० ग्रॅम पावसाळ्यातच खाल्ले-तुडवले गेले. कुंपणे एकाऐवजी तीन-चार ठिकाणी घातली तर आकडा अधिक भरवशाचा येईल.