बीड, भट्टी आणि कोयत्याचे पाणी

लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पाते लाल होईपर्यंत भट्टीत तापवायचे आणि झटकन पाण्यात बुडवायचे. चर्र असा आवाज होतो, वाफ उसळते आणि पात्याची धार टिकाऊ होते. हे वर्गात सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, घरच्या बिडाच्या तव्याला असेच पाणी दिले तर तोही कडक होईल का?"

प्रश्न उत्तम आहे. तवा लाल करून पाण्यात टाकला तर बहुधा त्याचे दोन तुकडे होतील. पण एवढेच सांगून थांबलो तर विद्यार्थ्याचा असा समज होईल की उष्णतेच्या प्रक्रियेचा बिडाला काही उपयोग नाही. तो समज चुकीचा आहे. पुणे परिसरातल्या कारखान्यांत बिडाचे कितीतरी भाग ओतल्यानंतर पुन्हा भट्टीत जातात. ते कशासाठी, हे आपण पाहू.

कार्बन कोणत्या रूपात आहे?

कोयत्याचे पोलाद आणि तव्याचे बीड या दोन्हींत मुख्य धातू लोखंडच. फरक कार्बनच्या प्रमाणात आहे. कोयत्याच्या पोलादात कार्बन साधारणपणे एक टक्क्याहून कमी असतो, तर बिडात अडीच ते चार टक्के. शिवाय बिडात एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते, कार्बन ४.३ टक्के झाला की हाच बिंदू सुमारे ११५० अंशांवर उतरतो. म्हणून बीड वितळवणे सोपे, आणि ते पातळ रसासारखे साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते.

हा रस थिजताना कार्बनपुढे दोन वाटा असतात. रस सावकाश थंड झाला आणि सिलिकॉन पुरेसे असले, तर जास्तीचा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. असे बीड मोडले तर मोडलेली बाजू करडी दिसते, म्हणून ते करडे बीड. रस झटपट थंड झाला तर कार्बनला वेगळे व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग बनवतो. मोडलेली बाजू पांढरी चकचकीत दिसते. हे पांढरे बीड. त्याच्यावर कानस चालत नाही, आणि ते काचेसारखे फुटते.

या दोन वाटांचा खुबीने उपयोगही करता येतो. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात नांगराचे फाळ धातूच्या थंड साच्याला लागून ओतण्याची रीत रूढ केली. साच्याला टेकलेला पृष्ठभाग पांढरा व कठीण होई आणि मागची बाजू करडी राही. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घ्यायला कचरत होते. तरीही त्यातून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढे १९४६ साली पुण्यात खडकीला डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. इंजिनाचा सिलिंडर करड्या बिडाचा असतो, त्यालाही कारण आहे. ग्रॅफाइट स्वतःच थोडे वंगणाचे काम करते, आणि त्याच्या सूक्ष्म खाचांत तेल धरून राहते.

एका लहान ओतशाळेची अडचण

काही वर्षांपूर्वी एका लहान ओतशाळेचे मालक आमच्याकडे पंपाची काही कास्टिंग घेऊन आले. लेथवर लावली की पातळ कडांपाशी हत्याराचे टोक तुटत होते. संपूर्ण लॉट परत आला होता, आणि तो भंगारात घालावा लागला तर महिन्याचे पगार अडणार होते. आम्ही एक तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जाड भागात ग्रॅफाइटचे पापुद्रे होते, पण पातळ कडा ओलसर वाळूत झटपट थिजून पांढऱ्या झाल्या होत्या.

उपाय भट्टीत होता. सिमेंटाइट हे स्थिर संयुग नाही. ९०० ते ९५० अंशांवर काही तास ठेवले तर त्याचे विघटन होऊन लोखंड आणि ग्रॅफाइट वेगळे होतात. पहिली खेप आम्ही याप्रमाणे तापवली आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ दिली. कडा मऊ झाल्या, लेथ सुरळीत चालला. पण ताकद तपासली तेव्हा ती मागणीपेक्षा बरीच कमी भरली! सावकाश थंड होताना उरलेला कार्बनही ग्रॅफाइटला जाऊन मिळाला होता, आणि मागे राहिले होते ते फेराइट, म्हणजे जवळजवळ शुद्ध, मऊ लोखंड.

दुसऱ्या खेपेला तापमान आणि वेळ तेच ठेवले, फक्त कास्टिंग भट्टीबाहेर काढून हवेत थंड केली. या वेळी थोडा कार्बन लोखंडातच अडकला आणि पर्लाइट ही फेराइट व सिमेंटाइटच्या एकाआड एक थरांची रचना तयार झाली. कडा कापता येऊ लागल्या आणि ताकदही टिकली. लॉट वाचला. पहिली खेप मात्र हलक्या कामासाठी कमी भावात द्यावी लागली. तो धडा आमचाही होता: किती तापवले याइतकेच कसे थंड केले यालाही महत्त्व असते.

भट्टीला काय जमत नाही?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. भट्टीने ग्रॅफाइटभोवतालचे लोखंड बदलते. पापुद्र्यांचा आकार बदलत नाही. वडीत बदामाचे चपटे काप घातले तर ती त्या कापांच्या रेषेत मोडते. अख्खी चारोळी घातली तर तशी मोडत नाही. करड्या बिडातले पापुद्रे त्या कापांसारखे असतात. प्रत्येकाचे टोक म्हणजे तडा सुरू होण्याची तयार जागा. लाल तवा पाण्यात टाकला की बाहेरचा भाग आकसतो, आतला अजून फुगलेला असतो. या ओढाताणीत पोलाद थोडे ताणून घेते; बिडाला ताणता येत नाही, ते तडकते. कारखान्यात करडे बीड कडक करायचेच असेल, तर ते बहुधा तेलात थंड करून पुन्हा बेताने तापवतात, किंवा फक्त पृष्ठभाग विजेने तापवून कठीण करतात.

हीच ओढाताण ओततानाही थोडीफार होते. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेळी थंड होतात व आत ताण राहून जातो. म्हणून यंत्रांच्या बैठका ५०० ते ६०० अंशांवर तापवून अगदी सावकाश थंड करतात. त्यात कठीणपणा फारसा बदलत नाही, फक्त ताण निघून जातो. तसे केले नाही तर अचूक कापलेला भाग काही महिन्यांनी वाकडा होऊ शकतो.

मग ग्रॅफाइटचा आकार बदलायचा कसा? जुनी वाट अशी: आधी मुद्दाम पांढरे बीड ओतायचे, मग दीर्घकाळ तापवून सिमेंटाइट मोडायचे. तेव्हा ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गुठळ्यांच्या रूपात बाहेर पडते आणि बीड थोडे वाकू शकते. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी १७२२ साली अशा बिडावर लिहिले, आणि अमेरिकेत सेथ बॉयडन यांनी १८२६ साली त्याचा आणखी एक प्रकार तयार केला. नवी वाट विसाव्या शतकाच्या चाळिशीत सापडली. रसात थोडे मॅग्नेशियम घातले की ग्रॅफाइट थेट गोळ्यांच्या रूपात, म्हणजे आपल्या चारोळीसारखे, वेगळे होते. असे बीड सुमारे ९०० अंशांवर तापवून २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या क्षारात काही काळ ठेवले तर ते अनेक पोलादांच्या तोडीचे बळकट होते. गिअरसारखे भाग त्यापासून करतात. म्हणजे बिडालाही एक प्रकारे 'पाणी' देता येते. फक्त ते पाणी तापलेल्या क्षाराचे असते, आणि आतले ग्रॅफाइट आधी गोल करून घ्यावे लागते.

वर्गात करून पाहा

शिवणाच्या दोन सुया चिमट्यात धरून ज्योतीत लाल करा. एक लगेच पाण्यात टाका, दुसरी ज्योतीतून हळूहळू दूर नेत थंड होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा लावून, फडक्यात धरून दोन्ही वाकवा. पहिली मोडेल, दुसरी वाकेल.

मग बिडाच्या फुटक्या तुकड्यावर करवत चालवा. पोलादाचा कीस चमकदार आणि बहुधा वळलेला असतो. करड्या बिडाचा भुकटीसारखा पडतो आणि बोटे काळी करतो. तो काळेपणा ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्याच पदार्थाचा. दोन्हींचे सारख्या आकाराचे तुकडे दोऱ्याने टांगून ठोका. पोलाद खणखणेल, करडे बीड बद्द आवाज करेल, कारण पापुद्रे कंपन गिळून टाकतात. यंत्राची बैठक बिडाची का करतात, याचे एक कारण विद्यार्थ्यांना त्या आवाजातच सापडेल.