हाशिम खान : चेंडू उचलणारा विजेता

स्क्वॉश नावाचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल. आमचेही तसेच होते. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका क्लबात नोकरवर्गाच्या पगाराची बोलणी करण्यासाठी आम्ही गेलो होतो. बोलणी लांबली, तेव्हा तेथील एका वृद्ध मार्करने आम्हांला वरच्या सज्जात नेऊन हा खेळ दाखविला. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू. सभासदांशी खेळायचे, त्यांना शिकवायचे, गुण मोजायचे, रॅकेटच्या तारा ओढायच्या, ही सारी त्याची कामे. खेळ संपल्यावर त्याने हाशिम खान हे नाव घेतले आणि म्हणाला, "आमच्यातलाच होता." त्या दोन शब्दांमुळे आम्ही या माणसाची माहिती जमवू लागलो. तीच आज तुळजापूरकरांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम खेळ समजून घेऊ. सुमारे 32 फूट लांब व 21 फूट रुंद अशी चार भिंतींची खोली. दोन्ही खेळाडू त्याच खोलीत, एकाच भिंतीकडे तोंड करून उभे. मध्ये जाळे नाही. लहानसा पोकळ रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. तो जमिनीवर दुसऱ्यांदा टप्पा घेण्याच्या आत प्रतिस्पर्ध्याने तो परत त्या भिंतीवर पोहोचवायचा. भिंतीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी असते, चेंडू तिच्यावर आदळला की डाव गेला. सारे मर्म जागेत आहे. जो खोलीचा मध्य धरून ठेवतो तो दोन पावले टाकतो, आणि ज्याला कोपऱ्यांत पळावे लागते तो दहा टाकतो. तालमीतल्या वस्तादाला हे वेगळे सांगावयास नको. निव्वळ ताकद तेथेही पुरत नाही.

आता हाशिमकडे वळू. पेशावरजवळ नवाकिल्ली नावाचे पठाणांचे गाव आहे. तेथे 1914 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. नक्की तारखेची नोंद नाही. आपल्याकडील किती म्हाताऱ्यांची असते? वडील पेशावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीस होते. त्या क्लबाची स्क्वॉशची कोर्टे उघड्यावर, बिनछपराची होती. चेंडू भिंतीबाहेर गेला की तो आणून द्यायचा, हे काम हाशिम आठ वर्षांचा असल्यापासून करू लागला. अकराव्या वर्षी वडील अपघातात गेले आणि शाळा सुटली. दुपारच्या उन्हात साहेब लोक आत विसाव्याला गेले की हा मुलगा अनवाणी कोर्टात उतरे. जोडीला कोणी नसेल तर एकटाच दोन्ही बाजूंनी खेळे. आपणच मारायचे आणि आपणच धावून परतवायचे. पुढे ज्या चपळाईचे साऱ्या जगाने कौतुक केले, तिची शाळा ही अशी होती.

1942 मध्ये ते हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना खेळ शिकविण्याच्या नोकरीस लागले. 1944 साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा भरली. पेशावरहून हाशिम आले आणि जिंकले. 1945 व 1946 सालीही तेच जिंकले. त्यांच्याकडून हरणाऱ्यांत त्यांच्याच नात्यातील अब्दुल बारी होते. म्हणजे तिशी गाठलेला हा माणूस अखंड हिंदुस्थानातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ठरला, तो आपल्या मुंबईत. परंतु मुंबई जिंकून त्यांच्या नोकरीत काही फरक पडला नाही. ते पेशावरला परतले आणि पूर्ववत शिकवू लागले.

मग फाळणी झाली. बारी भारतात राहिले, हाशिम पाकिस्तानात. 1950 साली बारी भारताच्या वतीने इंग्लंडला ब्रिटिश ओपन स्पर्धेस गेले. त्या काळी ही स्पर्धा जगातील अजिंक्यपदासारखीच मानली जाई. बारी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि इजिप्तच्या महमूद करीम यांच्याकडून हरले. ही बातमी पेशावरला पोहोचली. ज्याला आपण मुंबईत हरविले तो जर जगात दुसरा, तर आपण कितवे? हाशिम यांच्या मनात हा प्रश्न आला असेल तर नवल नाही. त्यांनी खटपट केली, पाकिस्तानच्या हवाई दलाने पाठबळ दिले, आणि 1951 साली ते प्रथमच इंग्लंडला गेले.

त्या काळी नऊ गुणांचा डाव असे, आणि जो चेंडू सुरू करी त्यालाच गुण मिळे. करीम सलग चार वर्षे अजिंक्य होते. अंतिम सामन्यात बुटक्या, डोक्यावरचे केस विरळ झालेल्या हाशिमनी त्यांना 9-5, 9-0, 9-0 असे हरविले. शेवटच्या दोन डावांत करीम यांना एकही गुण घेता आला नाही.

त्या वेळी हाशिम यांचे वय सदतिशीच्या आसपास होते. आज स्क्वॉशमध्ये ज्येष्ठांच्या स्पर्धा पस्तिसाव्या वर्षापासून सुरू होतात आणि पुढे पाचपाच वर्षांचे गट पडतात. म्हणजे आजच्या हिशेबाने जो माणूस ज्येष्ठांच्या गटात बसला असता, तो त्या वर्षी सर्वांच्या स्पर्धेत पहिला आला. आणि हा योगायोग नव्हे. 1956 पर्यंत त्यांनी हे पद सोडले नाही. 1957 साली रोशन खान यांच्याकडून ते हरले. 1958 साली, चव्वेचाळिशीच्या घरात, सातव्यांदा जिंकले. सात विजयांचा हा विक्रम 1981 पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंट यांनी आठवा विजय मिळविला.

पुष्कळ लिहिणारे म्हणतात की हाशिम उशिरा फुलले. आम्हांला हे पटत नाही. जो माणूस 1944 साली मुंबईत सर्वांना हरवितो, तो 1951 साली अचानक फुलला असे कसे म्हणता येईल? फुलणे वेळेवरच झाले होते, दार उशिरा उघडले. आणि दार बंद का होते हेही पाहिले पाहिजे. त्या काळी हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू अशा दोन जाती होत्या. हौशी म्हणजे ज्याला खेळासाठी पैसा घेण्याची गरज नाही तो. हौशींच्या स्पर्धांत मार्करला मज्जाव असे. जो आठवडाभर साहेबाला खेळ शिकवी, त्याला रविवारी साहेबाबरोबर स्पर्धेत उतरता येत नसे. हा भेद स्क्वॉशमधून 1980 साली गेला, तोवर हाशिम साठी ओलांडून गेले होते.

दार एकदा उघडल्यावर काय झाले तेही सांगितले पाहिजे. हाशिमनी धाकटा भाऊ आझम याला तयार केले. आझमने 1959 ते 1962 अशी चार वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली. 1963 साली भाचा मोहिबुल्ला जिंकला. 1957 सालचा विजय रोशन यांचा. म्हणजे 1951 ते 1963 ही सलग तेरा वर्षे हे पद एकाच गोतावळ्यात राहिले. पुढे रोशन यांचा मुलगा जहांगीर याने 1982 ते 1991 अशी सलग दहा वर्षे ते राखले. लोक म्हणतात, रक्तातच होते. असेल. परंतु मुलांच्या अंगणाशेजारी कोर्ट होते, शिकविणारा घरातला होता आणि खेळात भाकरी होती, हे रक्ताइतकेच महत्त्वाचे आहे असे आमचे मत आहे.

1960 नंतरच्या काळात हाशिम अमेरिकेत गेले, प्रथम डेट्रॉइट आणि पुढे डेन्व्हर येथील क्लबांत शिकवू लागले. साठीनंतर ज्येष्ठांच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, आणि नव्वदीतही रॅकेट त्यांच्या हातून सुटली नव्हती. ऑगस्ट 2014 मध्ये, वयाच्या शंभरीला, कोलोरॅडो राज्यात त्यांचे निधन झाले. ज्या खेळाने त्यांना चाकर म्हणून आत घेतले, तो 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळला जाणार आहे.

शेवटी एक घरची गोष्ट. आमच्या संघटनेतील एक कामगार तुळजापुरातून सोलापूरकडे कामाच्या शोधात गेला. यंत्र आवाजावरून ओळखणारा माणूस. एका कारखान्याच्या दारात त्याला वय विचारले. बेचाळीस म्हणताच, "तरुण पाहिजेत," असे उत्तर मिळाले. त्याचे हात कोणी पाहिले नाहीत. तो परत आला तेव्हा आम्ही त्याला हाशिम खानांची हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, त्यांना निदान एकदा खेळू तर दिले." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. श्रोत्यांपैकी ज्यांच्या हाती कारखान्याचे, दुकानाचे किंवा शाळेचे दार आहे, त्यांनी ते शोधावे.