गाळाचा प्रवास

श्रोतेहो, पुराचें गढूळ पाणी पेल्यांत ठेवून पाहा. रेती क्षणांत तळाला बसते. अतिसूक्ष्म मातीमुळें पाणी मात्र रात्रभर गढूळच राहतें. नदींतही असेंच घडतें.

पाण्याचें बळ त्याच्या वेगांत आहे. वेग दुप्पट झाला कीं प्रवाह चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलूं शकतो, असें गणित सांगतें. म्हणूनच वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून जातो. वेग मंदावला कीं आधीं गोटे, मग रेती, शेवटीं माती, असें ओझें उतरतें. नवल असें कीं, घट्ट बसलेली चिकणमाती पुन्हां उचलण्यास रेतीपेक्षां अधिक वेग लागतो. कण बारीक खरे, पण एकमेकांना धरून बसतात.

निफाड तालुक्यांत नांदूर मधमेश्वर येथें, गोदावरी-कादवा संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभीं कालव्यांसाठीं बंधारा बांधला गेला. अडलेल्या पाण्यांत गाळ सांचला, जलाशय उथळ झाला, बेटें उठलीं, पाणवनस्पती माजल्या. पाणी सांठविण्याची जागा घटली; हिवाळ्यांत दूरदेशांहून येणाऱ्या बदकांना मात्र हक्काचा चारा मिळाला! २०१९ सालीं रामसर करारान्वयें मान्यता मिळालेलें महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ स्थळ तें हेंच.

आतां गाळ उपसावा तर पक्ष्यांचा आसरा जातो, न उपसावा तर शेतीचें पाणी. माझ्या मतें बसलेल्या गाळाशीं झगडण्यापूर्वीं वरच्या शेतांतील माती बांध घालून व गवत लावून तेथेंच अडवावी. ती शेतकऱ्यालाही हवीच आहे.