अपंगत्वाचे मोजमाप : अंक आणि अर्थ

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरील मायलिनचे आवरण शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होते. दृष्टी, तोल, हातापायांची शक्ती, मूत्रविसर्जनावरील ताबा, वाणी, स्मरण यांपैकी कोणत्याही कार्यास बाध येऊ शकतो; आणि हा बाध सर्व रोग्यांत एकसारखा नसतो. अशा बहुरूपी विकाराची वाढ एका अंकात कशी सांगावी, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थविचाराचाही आहे.

अमेरिकन मज्जातंतुविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९५५ साली यासाठी एक श्रेणी सिद्ध केली व १९८३ साली तिचा विस्तार केला. तीत ० म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही आणि १० म्हणजे या विकाराने आलेला मृत्यू. मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या आहेत. आधाराविना व न थांबता सुमारे ५०० मीटर चालणारा रोगी ४ वर येतो. सुमारे १०० मीटरसाठी एका काठीची गरज लागली की ६. आणि आधार घेऊनही ५ मीटरपलीकडे चालता येईनासे झाले की ७.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे अंक क्रम दाखवितात, परिमाण नव्हे. १ वरून २ वर जाणे आणि ६ वरून ७ वर जाणे या सारख्या घटना नव्हेत. पहिलीत रोग्याचा दिनक्रम बहुधा अबाधित राहतो, दुसरीत त्याच्या वाट्यास चाकांची खुर्ची येते. म्हणून या अंकांची सरासरी काढताना फार सावधगिरी हवी.

शिवाय रोग मधूनच उचल खातो व पुन्हा ओसरतो. तेव्हा एकदा वाढलेला अंक पुरेसा मानीत नाहीत. आरंभीचा अंक ५.५ पर्यंत असल्यास साधारणतः एका अंकाची, त्यापुढे अर्ध्या अंकाची वाढ तीन किंवा सहा महिन्यांनंतरही टिकली, तरच ती निश्चित समजतात. नव्या औषधाची परीक्षा पुष्कळदा याच कसोटीवर होते.

या श्रेणीचा मधला भाग मुख्यतः चालण्यावर बेतलेला आहे. हात निकामी होत गेले किंवा वाणी बिघडली, तरी अंक जागचा हलत नाही असे घडू शकते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच या रोग्यांचे अक्षर-अक्षर सुटे करून अडखळत बोलणे नोंदविले होते; परंतु श्रेणीत वाणीला स्वतंत्र स्थान नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९९९ साली एक संयुक्त चाचणी पुढे आली. २५ फूट चालण्यास लागणारा वेळ, नऊ छिद्रांत नऊ खुंट्या बसविण्याची गती आणि ऐकलेल्या अंकांची मनात बेरीज, अशी तिची तीन अंगे होत.

मराठीत या विषयावर लिहिताना आणखी एक दक्षता हवी. रोगाच्या वाढीस ‘प्रगती’ म्हणण्याची चाल पडू पाहते. परंतु मराठी कानाला प्रगती म्हणजे सुधारणा. ‘आपल्या विकारात प्रगती आहे’ हे वाक्य ऐकून रोगी समाधानाने घरी जाईल. तेथे ‘अपंगत्ववृद्धी’ किंवा साधे ‘आजार वाढला आहे’ हेच योग्य होय.