दगडावरची नावे : बेडसे, भाजे, कार्ले

पुणे-लोणावळा लोहमार्गाच्या परिसरातील बेडसे, भाजे आणि कार्ले ही मावळातील तीन गावे एका दिवसात पाहून होतात. या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक नववीच्या विद्यार्थ्यांसह स्वतंत्र गाडी ठरवून तेथे गेलो. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे वाटेत एका गृहस्थांनी मुलांना मोठ्या विश्वासाने सांगितले. मुलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "उत्तर दगडावर लिहिलेले आहे, संध्याकाळपर्यंत आपणच वाचू."

प्रारंभ बेडशापासून करावा. तेथील चैत्यगृहाचे मुख पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन थेट ओसरीत येते आणि उंच स्तंभांच्या माथ्यावरील प्राणी व त्यांवर आरूढ झालेली स्त्री-पुरुषांची युगुले उजळून निघतात. ओसरीतील एका दारावर लहानसा लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा पुत्र पुष्यणक याचे हे दान, एवढाच त्याचा आशय. जवळच्या पाण्याच्या टाक्यावर सामदिनिका या महारठिणीचे नाव आहे. टाक्याला त्या काळी 'पोढी' म्हणत. पावसाळ्यातील वर्षावास आटोपल्यावरही डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंना वर्षभर पाणी मिळावे, हा या दानामागील व्यवहारी विचार होता.

तेथून मळवलीमार्गे भाजे गाठावे. येथील चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील, म्हणजे तिघांत सर्वांत जुने. त्याचे अष्टकोनी स्तंभ आत झुकलेले आहेत. दगडी छताचा भार पेलण्यासाठी अशा कलाची गरज नसते. ती गरज लाकडी बांधकामाला असते. कारागिरांचा हात लाकडात घडलेला होता आणि तीच सवय त्यांनी खडकात उतरवली. छताला लाकडी फासळ्या आहेत; दर्शनी भागातील लाकूडकाम नाहीसे झाले असले, तरी ते बसवण्यासाठी केलेल्या खाचा स्पष्ट दिसतात. बेडशाला दर्शनी भागही दगडात आला, आणि कार्ल्याला स्तंभ जवळजवळ सरळ उभे राहिले. एवढा क्रम लक्षात ठेवला, तरी वास्तुकलेच्या इतिहासाचा एक पाठ पुरा होतो.

भाजे येथे टाके देणारा एक महारठी भेटतो, तसेच एका हालिकाच्या पत्नीचे दानही भेटते. हालिक म्हणजे नांगर धरणारा शेतकरी. शेजारी स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर दिवंगत थेरांची नावे कोरलेली आहेत. सत्तेतील माणूस, कष्टकऱ्याच्या घरातील बाई आणि भिक्खू यांची आठवण अशी एकाच डोंगराने जपली आहे.

कार्ल्याला दुपारी पोहोचावे. चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने उतरते ऊन मोठ्या गवाक्षातून आत शिरते. सुमारे ३८ मीटर लांबीचे हे दालन भारतातील सर्वांत मोठे शैल-चैत्यगृह होय. पायथ्याच्या वेहेरगावच्या नावात 'विहार' हा शब्द अजून ऐकू येतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींनी हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे लेखात अभिमानाने नोंदवले आहे. परंतु सारे काम एकट्याचे नव्हते. एकेक स्तंभ एकेकाने दिला. त्यांत धेनुकाकट या गावचे अनेक जण आहेत आणि त्यांतील काहींनी आपण यवन असल्याचे लिहिले आहे. सोपाऱ्याचा एक दाता आहे. भिक्षुणीही दात्या आहेत. सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दाराचे दान दिले. आणि वेणुवासाचा पुत्र सामी याने दार घडवले. त्याने आपला व्यवसाय 'वढकि' असा सांगितला आहे.

हा शब्द फळ्यावर लिहावा तसा आम्ही वहीत लिहून दाखवला, तेव्हा विदर्भातून आलेली एक विद्यार्थिनी चटकन म्हणाली, "सर, आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. माझे वडील वाढई आहेत." त्यानंतर ती बराच वेळ त्या दारापाशीच उभी राहिली.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने एक पथ्य पाळले पाहिजे. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीही पुराव्यापेक्षा मोठ्या करून सांगू नयेत. ही लेणी केवळ गरिबांनी उभारली, असे म्हणणे चूक ठरेल. येथे शेठ आहेत, महारठी आहेत. वळुरक येथील भिक्खूंना करजिक गाव देणारा उषवदात त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही गणना करतो. घाटवाटेवरील व्यापाराची संपत्ती या कामामागे होती. पण त्या संपत्तीच्या ओळीत सुताराचे आणि नांगरकऱ्याच्या पत्नीचे दान तितक्याच स्पष्ट अक्षरांत बसते, हेही तेवढेच खरे. 'पांडवांनी कोरली' या एका वाक्याने पुसले जाते ते नेमके हेच.

त्याच दगडांवर आज कोळशाने आणि खिळ्याने लिहिलेली नावेही आहेत. सामीने काम करून नाव कोरले. या मंडळींनी काहीही न देता कोरले. आमच्या मुलांनी ती नावे मोजायला सुरुवात केली आणि लवकरच थांबवली.

परतीच्या वाटेवर देहूरोडचे बुद्धविहार लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. दिवेलागणीला आम्ही तेथे त्रिशरण-पंचशील ग्रहण केले.

रात्री वसतिगृहात जेवताना मुलांचे लक्ष भोजनगृहाच्या भिंतीवरील पाटीकडे गेले. कुणी ५० रुपये, कुणी पत्र्याची पाने, कुणी आठ दिवसांचे श्रमदान दिले, अशी ती यादी आहे. रोज तिच्याखाली बसून जेवणाऱ्या मुलांनी ती त्या रात्री प्रथमच मोठ्याने, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली.