रथसप्तमीची पेरणी, पाडव्याची फुले

माघ महिन्यात देवरूखला पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते आणि दुपारी बारा वाजता पंखा लावावा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी गाव असल्याने रात्रीचा गारवा इथे किनाऱ्यापेक्षा अधिक काळ रेंगाळतो. याच दिवसांत आमच्या घराच्या पूर्वेकडील पडवीत, एका जुन्या लाकडी बाकावर, साठ करवंट्या ओळीने मांडलेल्या असतात. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटते, खोबरे काढून करवंट्या वाळत घातल्या आहेत. जवळ जाऊन पाहिले की प्रत्येकीत ओली, काळसर माती दिसते आणि एका कोपऱ्यात खोचलेली कागदाची चिठ्ठी : झिनिया, गलांडा, कॉसमॉस, मखमल. मखमल म्हणजे तो बुटका, तांबूस किनारीचा झेंडू.

फुलझाडांचे बी घरात, छपराखाली पेरावे आणि रोपे मोठी झाल्यावर अंगणात न्यावीत, ही कल्पना माझी नाही. ती आमच्या कन्येची. ती शिकागोला असते. तिथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री पाणी गोठण्याची धास्ती असते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी ती खिडकीजवळ दिव्याखाली पेटुनियाचे बी पेरते. बाहेर बर्फ आणि आत रोपे. मी निवृत्त होऊन देवरूखला स्थायिक झालो, तेव्हा तिने आग्रहाने सांगितले, “बाबा, तुम्हीही असेच करा.” मी हसलो. म्हटले, अगं, इथे कसले आले आहे बर्फ? इथे जमिनीत बी टाकले की उगवते.

ते पहिल्या वर्षी उगवले नाही, हे आता सांगून टाकतो.

दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा वाफा मी हौसेने तयार केला होता. आमच्याकडील माती जांभ्याची. हा दगड खाणीत मऊ असतो, चिरा कापता येतो, आणि वाऱ्याउन्हात राहिला की कठीण होतो. मातीतही तोच स्वभाव काही अंशी उतरलेला असतो. वरून पाणी घातले की ते झरकन खाली निघून जाते, आणि ऊन लागले की पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याखालून सुईएवढा अंकुर वर येणे कठीण. तो ओला ठेवावा म्हणून मी सकाळी दोन आणि सायंकाळी दोन झाऱ्या पाणी घालत होतो. दहा लिटरची झारी. म्हणजे रोजचे चाळीस लिटर. उरलेले काम मुंग्यांनी केले. झिनियाचे चपटे बी त्या रांगेने, अगदी शिस्तीत, घेऊन जाताना मी स्वतः पाहिले. शेजारच्या कोंबड्यांचाही त्यात वाटा होता. महिन्याअखेर वाफ्यात अकरा रोपे होती.

चैत्र लागला आणि विहिरीने आपला हिशेब पुढे केला. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे पाण्याची टंचाई असते हे घाटावरच्या नातेवाइकांना पटत नाही. परंतु उताराची जमीन आणि सच्छिद्र जांभा, त्यामुळे पावसाचे पाणी जसे येते तसे सप्तलिंगीतून वाहून समुद्राच्या वाटेला लागते. आमच्या विहिरीचे बांधकाम चिऱ्यांचे आहे. पंपाने पाणी ओढताना किती गेले ते कळत नाही. म्हणून आमची सौभाग्यवती वरून वाकून उघडे पडलेले चिरे मोजते. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यास तिने चौदा मोजले. एरवी तो आकडा मे महिन्यात येतो. त्याच आठवड्यात सांगलीहून माझ्या धाकट्या भावाचे कुटुंब यायचे होते.

ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, फुले नसली तरी पाहुणे जेवतील. पाणी नसले तर काय कराल?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या घरांत पाणी गाळून आणि बेताने वापरण्याचे वळण लहानपणापासून असते. मीही त्याच वळणात वाढलो, आणि अकरा रोपांसाठी एका महिन्यात बाराशे लिटर पाणी मातीत घातले. बँकेत असताना कर्जदाराने असा हिशेब समोर ठेवला असता, तर मी त्याचा अर्ज परत केला असता. उन्हाळ्यातील फुलबाग बंद करावी, असे त्या दिवशी आमच्यात ठरले.

पावसाळ्यात कन्येशी बोलताना हा विषय पुन्हा निघाला. ती बोलता बोलता म्हणाली, की तिची सारी रोपे महिनाभर एका ट्रेमध्ये असतात आणि त्यांना दिवसाला दोन पेले पाणी पुरते. हे वाक्य माझ्या मनात राहिले. ती घरात पेरते ते थंडी टाळण्यासाठी. मला थंडी टाळायची नव्हती, परंतु त्याच उपायाने पाणी वाचणार होते. रोप लहान असताना त्याची मुळे चमचाभर मातीत असतात. आपण मात्र चाळीस चौरस फूट भिजवत बसतो. मी आकडे मांडून सौभाग्यवतीपुढे ठेवले. तिने ते तपासले आणि अट घातली : बागेला रोज घातलेले पाणी लिटरमध्ये भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायचे, अक्षय्य तृतीयेनंतर विहिरीचे पाणी बागेला नाही, आणि त्याआधी बारावा चिरा उघडा पडला, तर त्याच दिवशी बंद. मर्यादा ठरवून दिलेले कर्ज होते ते. मी मान्य केले.

दुसऱ्या वर्षी मी कन्येचे शब्दशः ऐकले आणि त्यातही फसलो. तिने सांगितल्याप्रमाणे पेरलेल्या भांड्यांवर पारदर्शक प्लास्टिक झाकले. तिच्या घरात हीटरमुळे हवा अतिशय कोरडी असते, तिथे झाकण हवेच. आमच्या पडवीत पहाटेचे दव आणि दुपारची उष्णता. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब साचले. रोपे सहाव्या दिवशी छान वर आली आणि नवव्या दिवशी सकाळी पाहतो तर मातीलगत देठ काळे पडून निम्म्याहून अधिक आडवी झालेली. याला रोपांची मर म्हणतात. ओलसर, कोंडलेल्या हवेत वाढणारी बुरशी त्याला कारणीभूत असते आणि एकदा रोप कोलमडले की त्यावर इलाज नाही. मी झाकण काढले, सायंकाळचे पाणी बंद करून केवळ सकाळी घालू लागलो, आणि वरून शिंपडण्याऐवजी करवंटी उथळ ताटलीतील पाण्यात दहा मिनिटे ठेवू लागलो. खालून ओल चढते, वरची माती कोरडी राहते. उरलेली रोपे जगली. त्यांनी पाडव्याला नाही, तरी महावीर जयंतीला फुले दिली.

तिसऱ्या वर्षापासून बसलेली पद्धत आता थोडी विस्ताराने सांगतो.

पेरणीचा दिवस रथसप्तमी. यात केवळ परंपरेची ओढ नाही. माघ शुद्ध सप्तमीपासून चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंत साधारण त्रेपन्न दिवस होतात. मखमल पन्नास दिवसांच्या आसपास फुलू लागते. झिनियाला पंचावन्न ते साठ लागतात. म्हणजे गुढीला मखमलीची माळ घरची होते, आणि चैत्र शुद्ध त्रयोदशीला, पासष्टाव्या दिवशी, झिनिया भरात असते. इंग्रजी तारखेवर विसंबलो तर पाडवा कधी मार्चच्या मध्यात, कधी एप्रिलमध्ये. तिथीवरून मोजले की अंतर बदलत नाही. पौषात घाई करून पेरल्यास रात्रीच्या गारव्याने बी उगवायला दुप्पट दिवस घेते आणि त्या अवधीत कुजण्याचा संभव असतो.

भांडे म्हणून करवंटी मला सर्वांत सोयीची वाटते. नारळ फोडला की एका भागाला तीन डोळे असतात. त्यांपैकी एक मऊ असतो. तो खिळ्याने सहज उघडतो आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी आयते भोक मिळते. दुसऱ्या भागाला भोक पाडण्याच्या नादात मी दोन करवंट्या आणि एक अंगठा दुखावून घेतला आहे. म्हणून डोळ्यांचाच भाग ठेवायचा, आणि साठ जमेपर्यंत वर्षभर साठवायचा. माती अशी : दोन भाग काथ्याचा भुसा, एक भाग चाळलेले जुने शेणखत, एक भाग बागेतील माती. भुसा दोन-तीन वेळा भिजवून पिळून घ्यावा, कारण त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावे, अधिक नाही. अपवाद चिनी गुलाबाचा, ज्याला आपल्याकडे ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. त्याचे बी तपकिरीसारखे बारीक. उगवायला त्याला उजेड लागतो. ते वाळूत मिसळून वरचेवर भुरभुरावे आणि झाकू नये. प्रत्येक करवंटीत मी दोन बिया घालतो. दोन्ही उगवल्यास पुस्तकात अशक्त रोप खुडायला सांगितलेले असते. मला ते जिवावर येते. दुसऱ्या पानावर असताना चमच्याने उचलून मी ते रिकाम्या करवंटीत लावतो. दहातील सात तरी जगतात.

मुंग्यांचा बंदोबस्त बाकाच्या पायांभोवती राखेचे रिंगण काढून होतो. राख दर दोन दिवसांनी बदलावी लागते. शिवाय कुंपणाच्या गडग्यापाशी सौभाग्यवती चिमूटभर पीठ ठेवते. मुंग्यांना तो रस्ता अधिक पसंत पडला आहे असे दिसते.

रोपाला चार-सहा पाने आली की पडवीतून अंगणात न्यायचे, पण एकदम नाही. शिकागोला कन्या रोपांना थंडी-वाऱ्याची सवय लावते; मी इथे उन्हाची लावतो. पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन, मग दीड तास, मग दोन. आठवडाभरात ती अकरा वाजेपर्यंत उभी राहू लागतात. एके वर्षी मी ही पायरी गाळली आणि दुपारपर्यंत पाने कागदासारखी पांढरी पडली. लावणी सायंकाळी करावी, प्रत्येक रोपाभोवती ओंजळभर आळे करावे आणि त्यावर पेंढा किंवा आंब्याचा पाचोळा जाड पसरावा. झिनियाचा शेंडा एकदा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि फुले दुप्पट येतात.

आता हिशेब. साठ करवंट्यांना दिवसाला अडीच लिटर, तीस दिवसांचे पंचाहत्तर लिटर. पुढे पन्नास रोपांना एक दिवसाआड प्रत्येकी अर्धा लिटर. अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या पंचावन्न दिवसांत सुमारे सहाशे नव्वद. एकूण पावणेआठशे लिटरच्या आत संपूर्ण हंगाम. पहिल्या वर्षी मी केवळ उगवणीसाठी बाराशे घालवले होते. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी यात धरलेले नाही. ते बागेला फुकट मिळते.

बियांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. कोकणात बी फसते त्याचे खापर आपण दुकानदारावर फोडतो, पण बहुधा दोष आपल्या कपाटातील पावसाळ्याचा असतो. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा एक ढोबळ नियम आहे. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या माणसाला तो चटकन पटतो. मी बी कागदी पाकिटात, तारीख लिहून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवतो आणि तळाशी मूठभर भाजून गार केलेले तांदूळ घालतो. ते ओल शोषून घेतात. पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्यात. सातहून कमी उगवल्या तर त्या प्रमाणात अधिक पेरावे. बुडीत कर्जाची तरतूद आधीच केलेली बरी.

अक्षय्य तृतीयेच्या अटीचा एक लाभ मला नंतर उमगला. पाणी तोडल्यावर झाडे हळूहळू सुकतात आणि फुलांतील बी वैशाखाच्या कोरड्या उन्हात खडखडीत वाळते. श्रावणात फुललेल्या झेंडूचे बी मी दोनदा धरले होते. दोन्ही वेळा त्याला बुरशी आली. गेल्या वर्षी मात्र अक्षय्य तृतीया उजाडलीच नाही. अकरा दिवस आधी बारावा चिरा दिसला. झिनियावर तेव्हा तीसएक कळ्या होत्या. मी दोन वेळा झारीला हात लावला आणि दोन्ही वेळा ठेवून दिली. त्यांतील निम्म्या कळ्या मिटलेल्याच वाळल्या.

हे लिहीत असताना फाल्गुन निम्मा झाला आहे. काल सायंकाळी पन्नास रोपे अंगणात लावून झाली. रात्री कन्येचा फोन आला. तिचे पेटुनिया नुकतेच वर आले आहेत, मोहरीच्या दाण्याएवढी दोन-दोन पाने, आणि खिडकीबाहेर अद्याप बर्फ. सकाळी सौभाग्यवती विहिरीवरून आली आणि दिनदर्शिकेवर, माझ्या लिटरच्या आकड्याशेजारी, तिने तिचा आकडा लिहिला : सहा.